मणक्यात राहिलेला तुकडा

सिझेरियन किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी कमरेतून भूल देणे आता खामगाव, चिखली, मेहकर यांसारख्या गावांतही नित्याचे झाले आहे. या भुलेची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणून सुई त्याखालील, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधील फटीतून घातली जाते. रुग्ण स्थूल असेल, फट सापडत नसेल आणि हाडाला टेकलेली सुई मागे न घेताच तिची दिशा बदलली, तर ती वाकते व क्वचित मोडते. एपिड्युरल भुलेत सुईतून घातलेली नळी सुई जागेवर असतानाच मागे ओढली, तर सुईच्या धारेने तिचा तुकडा कापला जाऊ शकतो.

नळीचा तुकडा बहुधा निमूट पडून राहतो. त्रास नसेल तर केवळ त्यासाठी मणका उघडू नये, असाच तज्ज्ञांचा कल असतो. धातूचे टोक मात्र हालचालीने सरकू शकते. पायात कळ, मुंग्या, बधिरता, मज्जाद्रवाची गळती, जंतुसंसर्ग असे उपद्रव त्यातून संभवतात. म्हणून सुई मोडताच रुग्णाला शक्यतो न हलवता क्ष-किरणांच्या साहाय्याने तुकडा काढणे इष्ट. ती सोय नसेल, तर चिठ्ठीत स्पष्ट नोंद करून अकोला वा छत्रपती संभाजीनगरला पाठवावे. एमआरआयपूर्वी धातूची शंका सांगणे अगत्याचे आहे. लघवी अडणे किंवा पायांतील शक्ती जाणे, ही तातडीची लक्षणे होत.

अर्थात हा प्रकार अत्यंत विरळ आहे. बाळंतपणानंतरची प्रत्येक कंबरदुखी भुलेच्या सुईवर ढकलण्याची आपली सवय अनाठायीच म्हणावी लागेल.

खरा घोळ होतो तो रुग्णाला न सांगण्याने. १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवेळी पोटात कापडाचा बोळा राहिल्याची तक्रार गोव्यातील एका परिचारिकेने २००४ मध्ये केली. वर्षानुवर्षे वेदना असूनही तिने वेळीच शोध घेतला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. ग्राहक आयोगापुढील मुदत दोन वर्षांची आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावीत. मोडलेल्या सुईचा उरलेला भाग व वेष्टनावरील बॅच क्रमांकही फेकू नये. वैद्यकीय उपकरणांच्या दोषांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. तेथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही कळवता येते.