व्यक्तिवाद व वर्गीय समता

व्यक्तीला अंतिम मूल्य मानणारा विचार आणि वर्गभेद मिटवू पाहणारा विचार यांचा मेळ बसतो का, याविषयीचा राजकीय तत्त्वज्ञानातील वाद. जॉन स्टुअर्ट मिलने आत्मचरित्रात (१८७३) ही सांगड घालणे हाच पुढील काळाचा सामाजिक प्रश्न मानला. फ्रीड्रिख हायेकने १९४४ मध्ये केंद्रीय नियोजनाची वाट गुलामगिरीकडे जाते, असे बजावले.

मेळ बसतो, असे ठामपणे आणि तपशिलासह मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कोकणातील खोती, म्हणजे खोतांची मध्यस्थ जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत आणले. पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध कामाला जुंपणे होय आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विधेयकाविरुद्धच्या ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. कामगारवर्गाचे हत्यार इथे व्यक्तिस्वातंत्र्याच्या पायावर उभे आहे. या वादातला हा सर्वांत मोलाचा धागा, आणि त्याची दखल मात्र फार थोड्यांनी घेतली.

‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) या संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात हाच विचार आर्थिक आराखड्यापर्यंत पोचतो. राज्याने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य वाढते, हे म्हणणे ते खोडून काढतात : ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे मिळते. बेकाराला नोकरीसाठी मूलभूत हक्क गहाण टाकावे लागत असतील, तर ते हक्क कागदावरच राहतात. म्हणून प्रमुख उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी. मूळ मालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने भरपाई द्यावी. गावकऱ्यांनी जातपात न पाहता जमीन सामुदायिक रीतीने कसावी. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत. ही योजना संविधानातच लिहावी, म्हणजे संसदेतील बहुमताला ती मोडता येणार नाही आणि हुकूमशहाचीही गरज पडणार नाही.

राज्य हाच एकमेव मालक झाला, तर त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याने पोट कुठे भरायचे? हायेकपंथीयांचा हा आक्षेप खरा आणि जड आहे. संसदीय लोकशाही आणि न्यायालयात दाद मागता येणारे हक्क यांवर आंबेडकरांची भिस्त होती. कारखान्याच्या आत मजुराचा आवाज कसा टिकेल, याचे पुरेसे उत्तर त्या आराखड्यात मिळत नाही.

संविधानाने योजना स्वीकारली नाही. साधनसंपत्तीच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व अनुच्छेद ३९ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत आले. अनुच्छेद ३७ नुसार त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येत नाही.