सहा बाजूंचा घन, पाच वलयं

क्युबेन हा घनाच्या आकाराचा रेणू. आठ कोपऱ्यांवर आठ कार्बन, बारा कडांवर त्यांना जोडणारे बारा बंध. १९६४ साली शिकागो विद्यापीठातल्या फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी तो तयार केला. त्याचे आठही कार्बन तंतोतंत समान. तरीही उपरचना शोधणाऱ्या काही सॉफ्टवेअरकडे ‘तीन वलयांत असलेला कार्बन’ मागितला, की चारच सापडतात. अणूंचे क्रमांक बदलले, तर दुसरेच चार सापडू शकतात.

दोष प्रोग्रामरचा वाटतो, पण तो वारशाने आलेला आहे. १८४७ मध्ये गुस्टाव्ह किर्खहॉफ विजेच्या जाळ्यांतल्या प्रवाहांचा अभ्यास करत होते. स्वतंत्र फेरे किती, याचं त्यांचं गणित सोपं आहे : जोडण्यांतून सांधे वजा करा, एक मिळवा. घनासाठी बारा वजा आठ अधिक एक, म्हणजे पाच. सहाव्या बाजूचं समीकरण त्या पाचांतूनच निघतं. पाच कोणतेही घ्या, प्रवाह तोच येतो.

१९३९ मध्ये फ्रेरजाक यांनी हाच आकडा रेणूंना लावला. पुढे रेणू संगणकात साठवले जाऊ लागले. १९७१ मध्ये प्लॉटकिन यांनी, १९७२ मध्ये कोरी आणि पीटरसन यांनी वलयं ओळखण्याच्या रीती मांडल्या, आणि लहानात लहान वलयांचा किमान संच मोजण्याची प्रथा रुळली. नॅप्थलीनमध्ये ती चोख चालते : दोन षटकोन राहतात, परिघावरचं दहा अणूंचं वलय गळतं. क्युबेनमध्ये मात्र सहा समान बाजूंपैकी एक वगळावीच लागते. तिच्या चार कार्बनांच्या वाट्याला दोनच वलयं येतात. विजेला ही निवड जाणवत नव्हती. रसायनाच्या शोधात ती उत्तरच बदलते.

१९९७ मध्ये फिलिप विस्मारा यांनी अशा सर्व किमान संचांचा संयोग घेण्याची रीत दिली. तिच्यात सहाही बाजू येतात. २००४ मध्ये बर्गर आणि सहकाऱ्यांनी वलयांविषयीची अनेक छापील विधानं प्रतिउदाहरणं देऊन खोडली. त्यांतले काही रेणू रसायनज्ञांच्या चांगल्या परिचयाचे होते.

म्हणून शोध फसला, तर आधी प्रश्नातली वलयांची संख्या काढून टाकावी. तिच्याऐवजी अणूचे किती बंध वलयात आहेत, हे विचारावं. क्युबेनच्या प्रत्येक कार्बनचे असे बंध तीन आहेत, त्यामुळे आठही हाती लागतात. हा आकडा अणूंच्या क्रमांकांवर अवलंबून नसतो. ज्या शोधावर पुढचे प्रयोग ठरणार आहेत, तो अशाच आकड्यावर उभा असावा.