निकालामागचे कारण

वेल्श भाषेत गायनस्पर्धेच्या परीक्षकाला 'बेर्नियाद' म्हणतात, आणि साहित्याच्या समीक्षकालाही हाच शब्द आहे. तो जे देतो त्याचे नाव 'बेर्नियादाएथ'. निवाडा आणि समीक्षा हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीत आपण परीक्षक, समीक्षक आणि पंच अशी तीन माणसे वेगळी केली आहेत. वेल्सने ती एकाच खुर्चीत बसवली. वृंदगायनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा इतिहास या एका शब्दाच्या आधाराने वाचला तर एक गोष्ट ठळक दिसते. हा परीक्षक मुळात समीक्षक होता. आपण कोणाला का निवडले हे सभेपुढे सांगणे हे त्याचे पहिले काम होते आणि क्रमांक लावणे दुसरे. स्पर्धा देशोदेशी पसरल्या, गायकवृंदांची संख्या वाढली, तसा त्याच्यातला समीक्षक मागे सरला आणि पंच पुढे आला. हा बदल व्यवस्थापनाच्या सोयीचा होता हे खरे. पण त्यात या परंपरेतली सर्वांत मोलाची वस्तू हातची निसटत चालली आहे, असे मला वाटते.

वेल्समधल्या 'आइस्टेथवॉद' या कवी-गायकांच्या मेळ्याचे मूळ ११७६ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी लॉर्ड रीस याने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवून विजेत्यांना मानाच्या खुर्च्या दिल्या. पुढे १५६८ मध्ये राणी एलिझाबेथच्या आज्ञेने कायरविस इथे भरलेल्या मेळ्यात परीक्षकांचे काम जास्त करडे होते: कोणाला कवी किंवा वादक म्हणून पोट भरण्याचा परवाना द्यायचा आणि कोणाला कष्टाच्या कामाला धाडायचे, हे ते ठरवत. आजचा राष्ट्रीय आइस्टेथवॉद १८६१ मध्ये आबरडेर इथे सुरू झाला, आणि तिथवर येईतो परीक्षकाच्या सत्तेला एक बंधन पडलेले होते. निवाडा तोंडी आणि जाहीर द्यायचा. कवितेच्या स्पर्धेत तर स्पर्धक टोपणनावाने भाग घेतो, आणि आधी परीक्षण ऐकवले जाते, मग नाव उघड होते. १९१७ मध्ये बर्कनहेडच्या मेळ्यात 'फ्लर-द-ली' या टोपणनावाच्या कवीची कविता श्रेष्ठ ठरली आणि त्याला पुकारण्यात आले. कोणी उठले नाही. तो कवी, हेद विन, ३१ जुलैलाच पॅशनडेलच्या रणात पडला होता. मानाच्या खुर्चीवर काळे कापड घातले गेले. ही घटना तिच्यातल्या शोकामुळे सगळ्या वेल्सला ठाऊक आहे. माझ्या मुद्द्यापुरते तिच्यात आणखी काही आहे. परीक्षकांना कवी कोण हे माहीत नव्हते, तो हयात आहे की नाही हेही नव्हते, आणि त्यांच्या निवाड्याला त्याची गरजही नव्हती, कारण तो निवाडा स्वतःच्या कारणांवर उभा होता.

याच परंपरेचा दुसरा दंडक म्हणजे कोणीच पात्र नसेल तर बक्षीस राखून ठेवणे. इथे स्पर्धक एकमेकांशी तोलले जात नाहीत, एका कसाशी तोलले जातात. वृंदगायनात याचा एक विलक्षण दाखला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये घडला. १८७२ मध्ये तिथे हजार गिनींच्या फिरत्या चषकासाठी स्पर्धा लागली. खाणकामगार आणि लोखंडाच्या भट्ट्यांवरचे मजूर ज्यात मोठ्या संख्येने होते, असा दक्षिण वेल्सचा चारशेहून अधिक गायकांचा वृंद 'कारादोग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रिफिथ रीस जोन्सच्या हाताखाली तिथे गायला. समोर प्रतिस्पर्धीच नव्हता! तरी परीक्षक बसले, वृंद गायला, आणि तो चषकाच्या योग्यतेचा आहे असे ठरल्यावरच चषक मिळाला. दुसऱ्या वर्षी लंडनचा टॉनिक सोल-फा वृंद समोर उभा राहिला आणि वेल्सने त्यालाही मागे टाकले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतल्या वेल्श लोकांनी आइस्टेथवॉद भरवला, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा वृंद पहिला आला आणि सॉल्ट लेक सिटीचा मॉर्मन टॅबरनॅकल वृंद दुसरा. त्याचा संचालक इव्हान स्टीफन्स हाही वेल्समध्येच जन्मलेला. स्पर्धा समुद्र ओलांडून गेली होती. परीक्षणाची रीत तिच्या सामानातच होती.

पण कवितेत साधते ते टोपणनाव गाण्यात साधत नाही. वृंद समोर उभा असतो, त्याचा पोशाख दिसतो, संचालकाचे हात दिसतात. याच काळात इंग्लंडच्या ब्रास बँडवाल्यांनी यावर वेगळा उपाय काढला होता: परीक्षकाला बंद तंबूत बसवायचे. वाजवणारा कोण हे त्याला दिसता कामा नये. पक्षपाताचा संशय इतका दाट होता की पडद्याची ही चाल आजही टिकून आहे. वृंदगायनाने तो पडदा घेतला नाही. माझ्या मते हा निष्काळजीपणा नव्हता. पडदा परीक्षकाला निःपक्षपाती करतो, पण गाणाऱ्यांपासून तोडतोही. गाणाऱ्यांच्या तोंडाचे आकार, श्वास कुठे घेतला, संचालकाची खूण कोणत्या ओळीपर्यंत पोचली, हे न पाहता सुधारणा सांगता येत नाही. वृंदगायनाने संशयाला उत्तर म्हणून उघड बोलणे निवडले, म्हणजे परीक्षकाला झाकण्याऐवजी बोलते केले.

ही निवड इंग्लंडमध्ये फुलली. १८८५ मध्ये मेरी वेकफील्ड यांनी केंडलजवळ आसपासच्या गावांतल्या छोट्या वृंदांची स्पर्धा सुरू केली. स्पर्धा हे त्यांच्या दृष्टीने निमित्त होते. गावोगावी लोकांनी चांगले संगीत बसवावे हा हेतू. अशा महोत्सवांतून परीक्षकाचे भाषण हाच कार्यक्रमाचा गाभा झाला. सगळ्यांनी एकच नेमून दिलेली रचना गायलेली असे, त्यामुळे परीक्षक एखाद्या ओळीवर बोट ठेवून इथे आल्टो झाकले गेले, तिथे शब्दाचे शेवटचे व्यंजन गळाले, असे बोलू शकत असे आणि सभागृहातला प्रत्येक गायक ते स्वतःच्या गाण्याशी ताडून पाहू शके. १९०८ मध्ये एडमंटनला कॅनडाचा पहिला असा महोत्सव झाला, आणि पुढच्या दशकांत ब्रिटिश परीक्षक तिथे शहरामागून शहर फिरत. ते एक फिरते विद्यालयच होते.

१९४७ च्या जूनमध्ये उत्तर वेल्समधल्या डी नदीकाठच्या लँगोलेन या लहानशा गावाने आंतरराष्ट्रीय आइस्टेथवॉद भरवला. युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. ब्रिटिश कौन्सिलच्या हॅरल्ड ट्यूडर यांची कल्पना, संगीताची धुरा डब्ल्यू. एस. ग्विन विल्यम्स यांच्याकडे, आणि पाहुण्यांच्या राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरांत. फ्रान्समधल्या रेल्वेसंपामुळे हंगेरीचे गायक मिळेल त्या वाहनाने तिथवर पोचले. १९४९ मध्ये ल्यूबेकहून जर्मन वृंद आला आणि लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. १९५५ मध्ये मोदेनाच्या पुरुषवृंदाने पहिला क्रमांक मिळवला, त्यात एक बेकरीवाला फर्नांदो पावारोत्ती आणि त्याचा १९ वर्षांचा मुलगा लुचियानो होता. या गावाने परीक्षकापुढे मात्र एक नवा पेच टाकला. आता समोरचे गायक एका भाषेचे नव्हते, त्यांचा आवाज लावण्याचा ढंग एक नव्हता. एखाद्या परंपरेत छातीतून फेकलेला उघडा आवाज म्हणजे सौंदर्य, दुसरीत तोच दोष. नेमून दिलेली समान रचना थोडा आधार देते. स्वतः निवडलेल्या गाण्यात तोही सुटतो. इथे परीक्षकाने आपला कस कोणता हे सांगितले नाही, तर निकाल म्हणजे एका परंपरेने दुसरीला दिलेला हुकूम ठरतो.

पुढे स्पर्धा वाढत गेल्या. अरेझ्झो, १९६१ पासून देब्रेत्सेन, मग तूर, वर्ना. आणि १९८९ पासून अशा स्पर्धांच्या विजेत्यांची एकमेकांत गाठ घालणारी युरोपियन ग्रां प्री. २००० मध्ये लिंझला 'कॉयर ऑलिम्पिक्स' भरले, तेच पुढे 'वर्ल्ड कॉयर गेम्स' झाले. तिथे शेकडो वृंद येतात, परीक्षक अनेक देशांचे असतात, आणि गुणांवरून सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी देतात. २०१० मध्ये चीनच्या शाओशिंगमध्ये शिलाँग चेंबर कॉयरने तीन गटांत सुवर्ण मिळवले तेव्हा भारतात बहुतेकांनी या स्पर्धेचे नाव प्रथमच ऐकले. या पद्धतीत जुन्या वेल्श दंडकाचा एक अंश जिवंत आहे: श्रेणी कसाशी तोलून मिळते, त्यामुळे सुवर्ण एकाहून अधिक वृंदांना मिळू शकते. १८७२ ची ती एकाकी स्पर्धा इथे नव्या रूपात भेटते. अनेक देशांच्या परीक्षकांचे गुण एकत्र केल्याने एकाची आवडनिवड बोथट होते, हाही लाभ खरा. पण बोलणे आटले, आणि आकडा एकटा बोलू लागला.

आकडा एकटा किती फसवू शकतो हे सुरेलपणाच्या गुणांत दिसते, आणि सुरेलपणा तर सगळ्यांत मोजण्याजोगा समजला जातो. वाद्याच्या साथीशिवाय गाणारा वृंद गाणे संपताना कुठे पोचला, हे नादकाट्याने ताडता येते. सूर उतरला असेल तर गुण कापायचे, इतके सरळ. मात्र वृंदाने प्रत्येक स्वरमेळ निर्दोष लावला तरी सूर सरकू शकतो. तंबोरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पियानोच्या किंवा पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, खाली असतो. स्वरमेळात कान मागतो तो हाच गंधार. असे शुद्ध अंतर पकडत काही विशिष्ट स्वरमेळांच्या साखळीतून परत मूळ जागी यावे, तर मूळ जागा सुमारे २१.५ सेंटने हललेली असते. जोवान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने हे १५८५ मध्ये छापलेल्या पत्रांत उदाहरण देऊन दाखवले होते. ती साखळी पाच वेळा फिरली की वृंद जवळजवळ अर्धा स्वर सरकलेला असतो. आता दोन वृंद कल्पा. एकाचा सूर श्वास कमी पडून उतरला, दुसऱ्याचा प्रत्येक मेळ शुद्ध लावल्यामुळे. नादकाटा दोघांना सारखेच दोषी ठरवील. थकून उतरणारे वृंदच जास्त असतात, हे मान्य. कसलेले वृंद मधल्या स्वरांत बारीक तडजोड करून सरकणे आवरतात, हेही मान्य. पण कोणता वृंद कोणत्या कारणाने उतरला हे फक्त ऐकणारा माणूस शब्दांत सांगू शकतो. पहिल्याला श्वासाचे व्यायाम हवेत, दुसऱ्याला ती साखळी कुठे आहे हे कळायला हवे. सारख्या गुणांनी दोघेही रिकाम्या हाताने परततात.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. जाहीर परीक्षणाने माणसे दुखावत. महिनोन्महिने तालीम केलेल्या गिरणीकामगारांना भर सभेत चुका ऐकाव्या लागत, आणि काही परीक्षकांना टाळ्या घेण्याचा मोह आवरत नसे. हे खरे आहे. पण त्याचा इलाज परीक्षकाला सभ्यता शिकवणे हा आहे. त्याचे तोंड बंद केल्याने गायकाचा अपमान टळतो आणि शिक्षणही टळते. दुसरा आक्षेप वेळेचा. शेकडो वृंद असताना प्रत्येकावर भाषण कसे होणार? भाषण न होवो, लेखी टिपण होऊ शकते, आणि अनेक स्पर्धांत परीक्षक वृंदांना भेटून बोलतातही. अडचण अशी की ते बोलणे खाजगी राहते. १८७० च्या दशकातला श्रोता परीक्षण ऐकून स्वतःचा कान घडवून घरी जाई; आजचा श्रोता फक्त पदकांची यादी घेऊन जातो. तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो: परीक्षक आधी आवडीने ठरवतो आणि कारणे मागाहून जुळवतो, मग ती कारणे ऐकून काय मिळते? मिळते ते हे, की कारण जाहीर झाले की ते तपासता येते. मधल्या भागात टेनर उतरले असे परीक्षक म्हणाला आणि ते उतरलेच नव्हते, तर ऐकणारे शेकडो कान त्याला खोटे पाडू शकतात. आकड्याला खोटे पाडता येत नाही, कारण तो कशाबद्दल बोलतो हेच तो सांगत नाही.

वेल्समध्ये राष्ट्रीय आइस्टेथवॉद दरवर्षी विजयी रचनांचे आणि परीक्षणांचे पुस्तक काढतो. मानाची खुर्ची दिली गेली की लोक ते पुस्तक घ्यायला गर्दी करतात. विजेत्याची कविता त्यात असतेच. पण ज्यांना काही मिळाले नाही त्यांची टोपणनावेही परीक्षकाच्या मजकुरात असतात, प्रत्येकापुढे दोन-चार ओळी, कुठे कमी पडले आणि कुठली ओळ साधली ते. शेवटच्या क्रमांकाचा कवी त्या गर्दीत कोणालाही न कळता उभा राहतो आणि आपले पान उघडतो. वृंदगायनाच्या कोणत्याही जागतिक स्पर्धेने असे पुस्तक काढायला आज कागदाचीही गरज नाही.