निपाणीची चतुःसीमा

दस्त लिहिताना आधी चतुःसीमा मांडायची, मग मालकी, असं वडिलांनी शिकवलं. तेही दस्तलेखक, मीही दस्तलेखक. निपाणी तालुक्याचा इतिहास मी त्याच क्रमानं सांगतो. पूर्वेला चिक्कोडी, दक्षिणेला तवंदी घाटापलीकडं हुक्केरी, उत्तरेला आणि पश्चिमेला कोल्हापूरचा कागल. मधून वेदगंगा आणि दूधगंगा, आणि त्यांच्या काठची काळी रानं. विडीच्या तंबाखूनं या गावाला पैसा दिला, नाव दिलं. बाया वखारीत राबल्या, आणि १९८१ मध्ये शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसले तेव्हा गोळीबारात माणसंही गेली.

आता मालकी. निपाणी सिदोजीराव निंबाळकरांची, म्हणजे निपाणकर देसायांची. पेशवाईतले मोठे सरदार. १८३९ मध्ये ते वारले आणि पुढं जहागीर इंग्रजांनी खालसा केली. बेळगाव जिल्हा तेव्हा नुकताच, १८३६ मध्ये, धारवाडातून वेगळा काढलेला होता. निपाणी त्यात गेली आणि तालुक्याची कचेरी चिक्कोडीला झाली. शेजारचं कागल मात्र कोल्हापूर संस्थानाखालीच राहिलं. सोयरीक तीच, बाजार तोच. पण एकाचा सारा इंग्रजाकडं, दुसऱ्याचा संस्थानाकडं.

लोक म्हणतात, हद्द १९५६ ला पडली. कागदं हाताळलेला माणूस म्हणून मी सांगतो, हद्द त्याआधीच पडली होती. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा ती पुसायची संधी होती. सात वर्षांनी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि खालसा-संस्थानाची तीच जुनी रेघ दोन राज्यांची हद्द होऊन बसली. चंदगड स्वतंत्र तालुका होता, तो बेळगावातून काढून कोल्हापूरला जोडला. निपाणी तालुका नव्हती. तिच्या मराठी बोलणाऱ्यांची मोजणी चिक्कोडीत मिसळून गेली. मला हे आजही लागतं. १९६७ मध्ये या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, पण बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे.

ही रेघ बघायची असेल तर अर्जुननगरला जा. निपाणीकरांचं देवचंद कॉलेज तिथं आहे : तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ. गावातली पोरं चालत कॉलेजला जातात आणि परराज्यात शिकतात.

माझ्या टेबलावर ती रेघ रोज येते. ‘भूमी’ योजनेत उतारे संगणकावर गेले ते कन्नडमध्ये. सौंदलग्याची, बेनाडीची म्हातारी उतारा पुढं सरकवते आणि विचारते, “माझं नाव लागलंय का, बाबा?” मी तिच्या नावावर बोट ठेवतो, मग सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे मराठीत वाचून दाखवतो. कन्नड मी आवडीनं शिकलो, त्या भाषेशी माझं भांडण नाही. पण आपल्याच रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. तो दोन्ही भाषांत मिळायला हवा.

२०१८ मध्ये निपाणी तालुका झाला. वारसाच्या नोंदीसाठी चिक्कोडीचे हेलपाटे वाचले, हे मोठं काम झालं. जिल्हाधिकारी अजून सत्तरेक किलोमीटरवर बेळगावात बसतात, कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि चिक्कोडी वेगळा जिल्हा करा ही मागणी तशीच पडून आहे.