सैतानाच्या तळ्यावर एक शनिवार

"शनिवारी ऊन आहे. टॉयफेल्सझेला ये. टॉवेल आण, बाकी काही आणलं नाहीस तरी चालेल."

कँटीनमध्ये हे ऐकलं तेव्हा 'बाकी काही'मध्ये कपडेही येतात हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. बोलणारी होती आमच्या टीममधली सीनियर टेस्टर. वय पंचावन्नच्या आसपास, जन्म पूर्व बर्लिनचा, बग शोधायला बसली की डेव्हलपरला घाम फोडणारी. तिचं नाव इथे नको. वयानं आणि स्वभावानं अगदी मावशी आहे, तर आपण तिला मावशीच म्हणू.

संध्याकाळी घरी येऊन नकाशा उघडला. टॉयफेल्सझे म्हणजे शब्दशः सैतानाचं तळं. बर्लिनच्या पश्चिमेला ग्रुनेवाल्ड जंगलात. कपडे घालणं ऐच्छिक! मग आठवलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये एक फोटो जगभर फिरला होता. एक रानडुक्कर लॅपटॉपची पिवळी बॅग तोंडात धरून पळतंय आणि मागे एक गृहस्थ जन्मावस्थेत धावतायत. ते हेच तळं! लॅपटॉप शेवटी परत मिळाला म्हणे. आमच्या व्यवसायबंधूंनी हा फोटो बॅकअपचं महत्त्व सांगायला कितीतरी प्रेझेंटेशन्समध्ये वापरलाय.

सरळ 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. कारण लाज, हे तर आहेच. पण माझी लाज जरा वेगळ्या प्रकारची आहे. माझ्या पोटावर आणि पाठीवर कोड आहे. आठवीत असताना सुरू झालं. हे संसर्गजन्य नाही, आणि 'पांढरं कुष्ठ' म्हणतात तरी कुष्ठरोगाशी याचा काडीचा संबंध नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी आईनं एवढंच सांगितलं होतं, "ताईचं लग्न ठरेपर्यंत बाहेर कळू देऊ नकोस रे बाळा." ताईला आता दोन मुलं आहेत. मी मात्र तेव्हापासून घराबाहेर कधी शर्ट काढलेला नाही. कॉलेजच्या गोवा ट्रिपला सगळे समुद्रात आणि मी टीशर्ट घालून वाळूत. "सर्दी आहे यार." चार दिवस सर्दी!

असो. तरीही गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येत नाही. थोडं कुतूहल, आणि थोडी भीती की मावशी सोमवारी सगळ्यांसमोर विचारेल.

ग्रुनेवाल्ड स्टेशनपासून जंगलातून अर्ध्या तासाच्या आसपास चालायचं. झाडीतून बाहेर पडलो तर समोर छोटंसं काळसर तळं, काठाला उताराचा हिरवा माळ, आणि माळावर माणसं. पुस्तकं वाचणारी, सँडविच खाणारी, बुद्धिबळ खेळणारी. साधारण निम्म्यांच्या अंगावर काही नव्हतं, उरलेल्यांच्या होतं, आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. सत्तरीचे एक आजोबा नाकावर चष्मा आणि डोक्यावर टोपी, बस्स, एवढ्यावर शब्दकोडं सोडवत होते. पहिल्या पाच मिनिटांत माझी मान एकाच दिशेला आखडली. दहाव्या मिनिटाला जाणवलं, इथे सगळ्यात विचित्र दिसणारा माणूस मीच आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जीन्स आणि बूट, भर उन्हात.

मावशी पाण्यात होती. मी टॉवेल अंथरून बसलो आणि मनाला कामाला लावलं. जर्मन माणूस, जो लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावरही थांबतो, तो इथे असा कसा? गेले काही आठवडे वाचून जे हाती लागलं ते असं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कारखाने धडाधड उभे राहिले. बर्लिन फुगलं. कामगार राहायचे ते अंधाऱ्या चौकांभोवती बांधलेल्या, आपल्या गिरणगावातल्या चाळींची आठवण करून देणाऱ्या इमारतींत. धूर, दमटपणा, क्षयरोग. याला वैतागून एक चळवळ उभी राहिली, 'लेबेन्सरेफॉर्म', म्हणजे जीवनसुधारणा. शाकाहार करा, दारू सोडा, घट्ट कपडे सोडा, ऊन-वारा अंगावर घ्या. आर्नोल्ड रिक्ली नावाच्या स्विस गृहस्थानं १८५० च्या दशकातच आजच्या स्लोव्हेनियातल्या ब्लेड तळ्याकाठी सूर्यस्नान आणि वायुस्नानाचं केंद्र काढलं होतं. पुढे आडोल्फ युस्ट यानं हार्त्सच्या डोंगरात 'युंगबोर्न' नावाचं निसर्गोपचार केंद्र उघडलं. लाकडी झोपड्या, मातीचे लेप, आणि स्त्रिया-पुरुषांच्या वेगवेगळ्या आवारांत उघड्या अंगानं फिरणं.

हे वाचताना मी खुर्चीतून उडालोच. कारण या युस्टचं 'निसर्गाकडे परत' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक दक्षिण आफ्रिकेत एका बॅरिस्टरच्या हाती पडलं आणि त्यांनी मातीचे प्रयोग स्वतःवर सुरू केले. मोहनदास करमचंद गांधी! लाइपझिगच्या लुई कूनेचं कटिस्नानही त्यांनी असंच उचललं. आणि १९४६ साली गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माझे आजोबा संधिवातासाठी तिथे दहा दिवस राहून आले होते. पोटावर मातीची पट्टी आणि टबात कटिस्नान, याच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे. म्हणजे ज्या झऱ्यातून टॉयफेल्सझेचा हा माळ निघाला, त्याचंच पाणी फिरत फिरत आमच्या आजोबांच्या टबात पोचलं होतं. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी टबच नाकारला असता. :-)

दुवा इथेच संपत नाही. जर्मनीतलं पहिलं मोठं नग्नतावादी उद्यान म्हणून ज्याचं नाव घेतात, ते पाउल त्सिमरमानचं 'फ्रायलिश्टपार्क' १९०३ चं, उत्तर जर्मनीतल्या क्लिंगबेर्गचं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १८९१ साली, अशा प्रकारचा एक क्लब निघाला होता. कुठे? आपल्या ठाण्यात! चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड, मुंबई इलाख्यातला जिल्हा आणि सत्र न्यायाधीश, विधुर. त्यानं 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची संस्था काढली. सभासद एकूण तीन. स्वतः न्यायाधीश महाराज आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानला जायचं आणि उन्हात निवांत उघडं बसायचं, हा कार्यक्रम. इंग्लंडमधला लेखक एडवर्ड कार्पेंटर याला त्यानं लिहिलेल्या पत्रांमुळे हे आज कळतं. मग साहेबाची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था बारगळली. १८९४ साली तो वारला. सरकारी बदलीनं किती चळवळी मारल्या याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

पण मला त्याचं वाईट वाटलं. दिवसभर टोपी-झगा घालून दुसऱ्यांना शिक्षा सुनावणारा, बायको गेलेला माणूस. त्याला माथेरानच्या झाडीत नेमकं काय उतरवून ठेवायचं होतं?

आता कडू भाग. या चळवळीच्या आरंभीच्या पुढाऱ्यांमध्ये हाइनरिश पुडोर आणि रिशार्ड उंगेविटर ही नावं येतात. पुडोर ज्यूंचा उघड द्वेष करायचा. उंगेविटरला नग्नता हवी होती ती वंश 'सुधारायला', म्हणजे निरोगी जर्मनांनी एकमेकांना पारखून निवडावं म्हणून. हान्स झुरेनचं 'माणूस आणि सूर्य' हे १९२४ चं पुस्तक धो धो खपलं आणि १९३६ साली त्याचीच नाझी विचारांना साजेशी आवृत्ती निघाली. तांबूस, घोटीव, डागविरहित शरीरं.

इथे वाचता वाचता मी थांबलो होतो. डागविरहित. यांच्या माळावर मला प्रवेश मिळाला नसता, आणि तो माझ्या कातडीच्या रंगामुळे आधी आणि डागांमुळे नंतर. स्थळ बघताना आपल्याकडे 'मुलाला काही... म्हणजे... अंगावर वगैरे?' असं हळूच विचारतात, त्या प्रश्नाला यांनी तत्त्वज्ञान करून ठेवलं होतं.

सुदैवानं दुसरी बाजूही होती. आडोल्फ कोख नावाच्या बर्लिनच्या समाजवादी मास्तरानं १९२० च्या दशकात व्यायामशाळा काढल्या, त्या चाळींतल्या कामगारांसाठी. त्याचं म्हणणं साधं होतं. कपडे उतरवले की मालक कोण आणि फिटर कोण हे कळत नाही. १९२९ मध्ये बर्लिनला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. मग नाझी आले. ३ मार्च १९३३ ला ग्योरिंगनं प्रशियात या चळवळीविरुद्ध फर्मान काढलं, कोखच्या शाळा बंद पडल्या. गंमत म्हणजे १९४२ साली त्याच राजवटीनं, इतरांच्या नजरेआड असेल तर उघड्यानं पोहायला परवानगी दिली. फक्त तोवर चळवळीतून कोखसारखी माणसं वजा झाली होती.

युद्धानंतर पूर्व जर्मनीनं १९५४ मध्ये बाल्टिकच्या किनाऱ्यावर बंदी घालून पाहिली. लोकांनी एवढी कुरकुर केली की १९५६ ला नेमलेल्या जागांपुरती परवानगी द्यावी लागली. मावशी ओली होऊन येऊन बसली तेव्हा मी याबद्दल विचारलं. तिनं टॉवेल गुंडाळला होता, बहुधा माझ्या मानेची दया येऊन.

"माझे आईवडील दर उन्हाळ्यात बाल्टिकला जायचे," ती म्हणाली. "प्रवास कुठे करायचा, वाचायचं काय, बोलायचं काय, सगळं सरकार ठरवायचं. वडील म्हणायचे, निदान चड्डी घालायची की नाही हे तरी मी ठरवतो."

भिंत पडल्यावर पश्चिमेकडचे पाहुणे त्या किनाऱ्यांवर आले आणि त्यांना हे अजिबात रुचलं नाही. या भांडणाला तिथे चक्क 'चड्डी-युद्ध' म्हणतात. मावशीच्या मते स्वातंत्र्य आलं आणि किनारा आक्रसला.

मग तिनं झाडांच्या वर बोट दाखवलं. तळ्याजवळच टॉयफेल्सबेर्ग आहे, सैतानाचा डोंगर, उंची सुमारे १२० मीटर. डोंगर कसला, बॉम्बनं बेचिराख झालेल्या बर्लिनचा राडारोडा आहे तो. खाली नाझींच्या लष्करी तंत्रविद्यालयाची अर्धवट इमारत पुरलेली आहे. शीतयुद्धात त्याच्या माथ्यावर अमेरिकन आणि ब्रिटिशांनी मोठमोठे पांढरे घुमट उभारले आणि पूर्वेचे फोन, रेडिओ ऐकत बसले. घुमट अजून आहेत, फाटके, ग्राफिटीनं रंगलेले. "वर ते आमच्याकडचं चोरून ऐकायचे आणि खाली त्यांच्याकडचे उघडे पोहायचे," मावशी म्हणाली. "आणि आमच्याकडे श्टाझी ऐकायचीच."

तेव्हा मला माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. याच देशात २०१० साली गूगल स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आपली भिंत नकाशात धूसर करायला लावली होती. आम्ही ऑफिसात हसायचो, कपडे काढतात आणि घर झाकतात! पण यात विसंगती नाहीच. मुद्दा झाकण्या-उघडण्याचा नाही, ते ठरवतं कोण हा आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर परमिशन कुणाच्या हातात. माळावर फोन वर धरून फोटो काढायला लागलात तर पन्नास माणसं ओरडतील, तेही याचसाठी.

आणि माझ्या शर्टाची परमिशन? ती मी आठवीत आईला देऊन टाकली होती, आणि तिनं ती 'लोकां'ना. ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. कुणी परत मागितलीच नव्हती.

मी बटणं काढायला लागलो. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. शर्ट निघाला. पाठीवर वारा लागला. इतक्या वर्षांत घराबाहेर पाठीला वारा लागला नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा ते काय आहे हेच कळलं नाही. मी वाट बघत बसलो. कुणीतरी बघेल, मग दुसऱ्याला कोपरानं ढोसेल. शब्दकोडंवाले आजोबा एकदा वळले. माझ्या पोटाकडे बघितलं, मग मावशीकडे, आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलले. माझ्या पोटात गोळा.

"काय म्हणाले?"

"डागांवर ऊन पटकन लागतं, क्रीम लाव म्हणाले. त्यांच्या भावाला आहे."

आणि मावशीनं सनस्क्रीनची ट्यूब माझ्याकडे फेकली.

मग पोहलो. पाणी महाभयंकर गार होतं. चड्डी मात्र राहू दिली. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक! आणि याला तगडा पूर्वसूरी आहे. १९१२ च्या जुलैत फ्रान्झ काफ्का त्या युस्टच्या युंगबोर्नला राहिला होता. आजूबाजूला सगळे दिगंबर, आणि हा एकटा चड्डीवाला म्हणून तिथे ओळखला जायचा. डायरीत त्यानंच लिहून ठेवलंय.

रविवारी नेहमीप्रमाणे आईचा व्हिडिओ कॉल आला. काल कुठे गेला होतास विचारलं. तळ्यावर पोहायला गेलो होतो म्हटलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "शर्ट घालून?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पाणी फार गार नव्हतं ना रे?"