वृत्ताचं गणगोत

मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत एकाच मालाला तीन नावं आहेत. तालुक्याच्या गावाहून पाठवतो तो वार्ताहर, त्याने पाठवलेली ती बातमी, आणि ती छापून येते ते वृत्तपत्र. वार्ता, बातमी, वृत्त. तिघांची तोंडं वेगळी दिसत असली तरी घराणं एकच आहे, आणि त्याचा मूळपुरुष म्हणजे संस्कृतातला ‘वृत्’ हा धातू. वळणं, फिरणं हा त्याचा एक अर्थ. असणं, घडणं, चालू असणं हा दुसरा.

यातलं ‘वृत्त’ म्हणजे घडून गेलेलं आणि ‘वर्तमान’ म्हणजे घडत असलेलं. व्याकरणाच्या काट्यावर तोललं तर वृत्तपत्र हे नाव जास्त प्रामाणिक ठरतं, कारण सकाळी दाराशी येऊन पडतं ते कालचंच. तरीही मला ‘वर्तमानपत्र’ जवळचं वाटतं. पेशवाईतल्या पत्रांत खुशालीनंतर ‘इकडील वर्तमान’ येतं, म्हणजे बातमी या अर्थाने हा शब्द मराठी माणसाच्या लेखणीत छापखान्याच्या आधीपासून रुळलेला होता. त्याला नुसतं ‘पत्र’ जोडायचं बाकी होतं.

‘वार्ता’ला बातमीचा अर्थ पक्का चिकटण्याआधी तिची ओळख वेगळीच होती. कौटिल्याने चार विद्या सांगितल्या: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यातली वार्ता म्हणजे शेती, गुरं आणि व्यापार. वृत्ती म्हणजे उपजीविका, तिच्यावरून वार्ता. पोटापाण्याची विद्या ती हीच. बाजारभावाचं पान आतल्या कोपऱ्यात ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

खरी गंमत ‘बातमी’ची आहे. वार्तेचं प्राकृतात ‘वत्ता’ झालं आणि उत्तरेत त्याची ‘बात’ झाली. आपण ‘व’ सांभाळतो, हिंदी त्याचा ‘ब’ करते; आपली वीस ती तिकडे बीस, आपली वीज ती तिकडे बिजली. म्हणजे तोंडावळ्यावरून बातमी ही उत्तरेकडून आलेली दिसते. मराठी राज्याच्या कागदांत ती भेटते ती बहुधा फौजेच्या आणि हेरांच्या संगतीत. शत्रूची बातमी राखायची, बातमीदार पेरायचे, बातमी आली की कूच करायचं. बहिर्जी नाईकांचं नाव आजही घेतलं जातं ते या कामासाठी. तेव्हा बातमी ही चारचौघांत वाटायची वस्तू नव्हती. कुणीतरी दडवलेली आणि कुणीतरी हुडकून आणलेली अशी ती गोष्ट होती. तो वास शब्दाला अजून आहे. आपण बातमी ‘काढतो’, बातमी ‘फुटते’, एखाद्याला बातमी ‘लागते’. वृत्त काढलं असं कुणी म्हणत नाही, आणि वृत्त फुटल्याचंही ऐकिवात नाही. मंत्र्याच्या कार्यालयातून दुपारी येतं आणि संध्याकाळी जसंच्या तसं पानात जातं, त्या प्रसिद्धिपत्रकाला वृत्त म्हणा हवं तर. बातमी म्हणू नये.

या ‘लागणे’ क्रियापदाने कचेरीत मात्र पुरती कोलांटी मारली आहे. पूर्वी बातमी हेराला लागायची, आता ती पानाला लागते. ‘आज माझी लागली का?’ याचा अर्थ छापून आली का. पानही ‘लावायचं’ असतं, जणू विड्याचंच, आणि लावून झालं की ‘सोडायचं’. वार्ताहरातला ‘हर’ म्हणजे वाहून नेणारा, निरोप्या. पण सीताहरणातही तोच धातू आहे, तेव्हा दुसऱ्याची बातमी उचलणारेही अर्थाला धरूनच वागतात म्हणायचे. छापील पानावर या मंडळींची उतरंडही दिसते: वार्ताहर, मग प्रतिनिधी, मग खास किंवा विशेष प्रतिनिधी. बढती मिळाली की माणूस वार्तेपासून दूर जातो, निदान शब्दात तरी.

‘वृत्’ची बाकीची भावकी मोजायला बसलं तर पंगत उठायची नाही. रस्ता या अर्थाची वाट ‘वर्त्मन्’वरून आली. समईतली वात ‘वर्ति’वरून, पिळून वळलेली म्हणून. वातावरणातला वात मात्र वाऱ्याचा. त्याचं कूळ वेगळं. ‘वर्तुल’चं वाटोळं झालं, आणि गोल या निरुपद्रवी अर्थावरून ते नाशापर्यंत कसं घसरत गेलं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण तेच वर्तुळ तत्सम वेषात राजकीय बातमीत सुखाने नांदतं. ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ असं लिहिलं की नाव द्यावं लागत नाही. आणि ज्याच्यावर बातमी आहे त्याची बाजू विचारली का, हे उपसंपादक कसं विचारतो? ‘त्यांचं व्हर्जन घेतलंस?’ हे व्हर्जन लॅटिनमधल्या ‘व्हर्टेरे’चं, म्हणजे वळवणे. ते ‘वृत्’चंच चुलत भावंड. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान या इंग्रजी शब्दाला घराबाहेर काढू नये, तो नात्यातला आहे.

पुस्तकवाल्यांच्या वाट्याला आली ती ‘आवृत्ती’. मागे वळणं, परत फिरणं, पुन्हा करणं. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतात, ती याच शब्दाची. धरणातून रब्बीसाठी पाण्याचं आवर्तन सुटतं, तेही हेच. पाठांतराच्या संस्कृतीत ग्रंथ पुन्हा एकदा म्हणून काढणं म्हणजे आवृत्ती. छापखाना आल्यावर तेच नाव छापून काढलेल्या प्रतींच्या खेपेला मिळालं. त्यामुळे शब्दशः पाहिलं तर ‘पहिली आवृत्ती’ म्हणजे पहिली पुनरावृत्ती. पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत हे वर्णन अगदीच चुकीचं नाही. दैनिकांत डाक आवृत्ती, शहर आवृत्ती असतात, तिथे तर अर्थ चपखल बसतो. लांबच्या गावांसाठी लवकर सोडलेलं पान रात्री पुन्हा उघडायचं, दोन बातम्या काढायच्या, दोन घालायच्या आणि परत छापायचं.

या गोतावळ्याबाहेरचा, पण घरात मानाने वावरणारा शब्द म्हणजे ‘मजकूर’. हा अरबी, जिक्रचा सख्खा. ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’ असा त्याचा अर्थ, आणि जुन्या कागदांत तो तसाच येतो: मौजे मजकूर, साल मजकूर. वर सांगितलेलं गाव, वर सांगितलेलं वर्ष. पुढे वर सांगितलेलं सगळंच मजकूर झालं, आणि आता ‘मजकूर कमी पडतोय’ अशी हाक येते. आधी सांगून झालेलं कमी पडतं, ही तक्रार कुठल्याही दैनिकात खरी वाटणार नाही.

पहिल्या मराठी वृत्तपत्राने यातलं एकही नाव घेतलं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढलं ते ‘दर्पण’. आरसा खरा, पण व्युत्पत्ती काढली तर धातू ‘दृप्’, म्हणजे गर्व होणं. पाहणाऱ्याला दर्प चढवतं ते दर्पण. मग भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ (१८४१), पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), ‘इंदुप्रकाश’ (१८६२) असा उजेडाचा सपाटा लागला. तो मोडला ‘केसरी’ने, १८८१ साली.

मात्र मला सगळ्यांत आवडतो तो ‘मुद्राराक्षस’. विशाखदत्ताच्या नाटकात राक्षस हे नंदांच्या अमात्याचं नाव. त्याची मुद्रेची अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या जोरावर एक बनावट पत्र खरं ठरतं. मराठी छापखान्याने हे नाव उचललं आणि छपाईच्या चुकीवर बसवलं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात या राक्षसाला खायला भरपूर मिळे. देवनागरीच्या डोक्यावरचे अनुस्वार, मात्रा, रफार हे खिळ्याचे नाजूक भाग. ते झिजत, तुटत, आणि ‘मंत्र्यांची’ बघता बघता ‘मत्र्यांची’ व्हायची. जुळाऱ्याचा दोष नसायचा, पण बोलणी त्यालाच. आता खिळे गेले, जुळारी गेले, आणि मोबाइलवर बातमी लिहिताना दोन अक्षरांवरून कळफलकच शब्द पुरा करून देतो. ‘नि’ आणि ‘ध’ उमटेपर्यंत बोट घाईने पुढे सरकलेलं असतं, आणि आमदार निधनातून गावाला रस्ता मंजूर होतो.