रात्री वर येणारा तळ

नवेगावबांधच्या तलावात मासोळीची पिलं ज्या बारीक जिवांवर वाढतात, त्यांना प्लवक म्हणतात. समुद्रातही ते असतात. त्यांची दिवस-रात्रीची ये-जा केवढी मोठी आहे, हे युद्धाच्या काळात कळलं.

१९४२ साली अमेरिकेत पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे प्रयोग चालू होते. खोल समुद्रात मध्येच खोटा तळ दिसला. १९४५ साली मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं, की हा तळ संध्याकाळी वर येतो, पहाटे खाली जातो. तो जिवांचाच थर होता. दिवसा अंधारात लपायचं, रात्री वर येऊन चरायचं. आपल्या अरबी समुद्रातही हेच चालतं.

तलावातले प्लवक नाजूक असतात. बांधीतलं फवारणीचं औषध पाण्यात उतरलं, तर आधी ते मरतात, मग मासोळी उपाशी राहते. ढिवर घरांची चूल तिथूनच पेटते.